दुसऱ्या दिवशीची सकाळ

वाचकांचे सायकलविषयीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

जानेवारीअखेर नाशिकहून कोल्हापूरला निघणाऱ्या मदतफेरीबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर टाकले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फेरी ४ दिवसांची, अंतर साधारण ४४५ किलोमीटर, मुक्काम नारायणगाव, शिरवळ आणि कराडला. जमणारा पैसा हृदयाला जन्मतःच छिद्र असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी जाणार आहे. मी वर्षानुवर्षं शाळेत खेळ शिकवले. आता अशा फेऱ्यांमध्ये कधी सायकलवर आणि बहुतेक वेळा मागच्या मदतीच्या गाडीत असते. माणसं कुठे ढेपाळतात ते त्या गाडीतून फार जवळून दिसतं. आजची उत्तरं त्यातूनच आलेली आहेत.

प्रश्न : वय ४२, बँकेत नोकरी. कॉलेज संपलं तशी सायकल सुटली. आता गिअरची हायब्रिड घेतली आहे. २० किलोमीटर सहज होतात. फेरीला नाव दिलं आहे. मित्र म्हणतात, एका रविवारी दम धरून दीडशे मारून टाक, मग काही अडचण येत नाही. सराव कसा करू?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : मित्रांनी चांगल्या मनानं सांगितलं असेल, पण ते करू नका. एका दमात दीडशे मारले की सोमवारी रजा टाकून झोपाल आणि पुढचा आठवडाभर सायकलकडे बघवणार नाही. फेरीत अशी रजा मिळत नाही. पहिल्या दिवशी नाशिक ते नारायणगाव १३५ किलोमीटर झाले की दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सीटवर बसायचं असतं.

ती दुसऱ्या दिवशीची सकाळ मी खूपदा पाहिली आहे. माणसं लॉजच्या जिन्यावरून कठड्याला धरून, आडवी पावलं टाकत उतरतात. आदल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे असलेला एखादा सायकलजवळ येतो, टायर दाबून बघतो, बाटली काढतो, पुन्हा लावतो, पण टांग टाकत नाही. मांड्या भरून आलेल्या असतात, बसायची जागा हुळहुळलेली असते, रात्री दमल्यामुळे धड जेवणही झालेलं नसतं. तुम्हाला सराव करायचा आहे तो या सकाळीसाठी. वेग आणि घड्याळातले आकडे सध्या बाजूला ठेवा.

अंक हातात पडेल तेव्हा १४-१५ आठवडे उरलेले असतील. पहिला महिना फक्त अंगाला सवय लावण्याचा. आठवड्यातून ३ दिवस सकाळी तासभर, जेहान सर्कलवरून गंगापूर धरणाच्या बाजूला जाऊन परत. रविवारी ३०, मग ४०, मग ४५. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग ठेवा. धापेनं शब्द तुटायला लागले की गिअर हलका करा. बहुतेक जण जड गिअरवर ताकद लावून पायडल मारतात आणि त्याचा हिशेब पुढे गुडघे देतात. १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा. २० ते २२ वेळा आला तर मिनिटाला पायडलचे ८० ते ८८ फेरे होतात. तेवढे झाले की पायांवरचा ताण कमी होतो. सुरुवातीला पाय नुसतेच भिरभिरतात असं वाटेल, दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं.

नोव्हेंबरात रविवारचं त्र्यंबकेश्वर धरा. जाऊन-येऊन ६० च्या आसपास. सातपूर सुटल्यावरचा चढ डोळ्यांना दिसत नाही, पायांना मात्र कळतो, आणि समोरून वारा असला तर पुरता दम काढतो. फेरीच्या वाटेवरही असे फसवे, लांबलचक चढ पुष्कळ आहेत, म्हणून हा रस्ता मला सरावाला फार आवडतो. डिसेंबरात सिन्नरचा मोहदरी घाट करा. फेरीच्या पहिल्या सकाळीच तो लागतो, संगमनेरच्या पुढे चंदनापुरी घाट आहे, आणि तिसऱ्या दिवशी शिरवळ सोडलं की अंग पुरतं गरम व्हायच्या आतच खंबाटकी उभा राहतो. घाटात वर बघू नका. पुढचे वीस-तीस फूट बघा, हलका गिअर टाका, बसूनच चढा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी वेग उतरवा आणि मग सोडा, नाहीतर रिम तापते आणि हातही बधिर होतात.

खरं काम डिसेंबरच्या मध्यापासून सुरू होतं. तेव्हापासून शनिवार आणि रविवार लागोपाठ सायकल चालवायची. आधी शनिवारी ६०, रविवारी ५०. पुढच्या आठवड्यात ८० आणि ६०. मग एक आठवडा सगळं निम्म्यावर आणा, कारण अंगात ताकद भरते ती विश्रांतीत. जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शनिवारी नाशिक, त्र्यंबक, पहिने, घोटी आणि परत नाशिक, असा शंभरीच्या आसपासचा फेरा. रविवारी वणीला जाऊन या. त्या रविवारी निघणं अगदी जिवावर येईल. तरीही निघा. पहिली वीस मिनिटं अंग कुरकुरतं, पायडल जड लागतं, आणि मग हळूहळू सैल होतं. हे अंगाला एकदा कळलं की नारायणगावला तुम्ही जिन्यावरून नीट उतराल. मात्र एकाच जागी टोचणारं, दर फेऱ्याला वाढणारं दुखणं असेल तर थांबायचं. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली आणलं तर पाय सरळ झाला पाहिजे. सुरुवातीला एवढं माप पुरतं.

सरावात १३५ कधीच झाले नाहीत म्हणून घाबरू नका. लागोपाठच्या दिवसांत १०० आणि ८० करणारा माणूस खात-पीत १३५ पार करतो. ताशी १८ च्या चालीनं साडेसात तास पायडल, वर चहा-जेवण-पंक्चरला दोन तास. ६ ला निघालात तर चारच्या आत मुक्कामावर पोहोचता. घाई कुठेच नाही. शेवटचे १० दिवस सराव निम्म्याहून कमी करा आणि लवकर झोपा. या दिवसांत पाय शिवशिवतात, एखादा मोठा फेरा मारून यावासा वाटतो. तो मोह टाळा.

प्रश्न : समृद्धी महामार्ग गुळगुळीत आहे आणि पहाटे रिकामा असतो. तिथे सराव केला तर चालेल का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : नाही. समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकीलाही बंदी आहे, सायकल तर दूरच राहिली. तिथे मोटारींना १२० ची वेगमर्यादा आहे, आणि त्या वेगात येणाऱ्या चालकाला सायकल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तुम्हाला सिन्नरहून संगमनेरच्या बाजूचा रस्ता आहे. नाशिककरांना गिरणारे आणि दिंडोरीकडचे रस्ते आहेत. शिवाय फेरीत खडबडीत रस्ता लागणारच आहे. पुण्याच्या पुढे ठिकठिकाणी महामार्ग रुंद करण्याची कामं निघालेली असतात. थोडी खडी आत्ताच सोसलेली बरी.

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची, शिक्षिका आहे. ४० किलोमीटरच्या पुढे सीटवर बसवत नाही. जेलचं मऊ कव्हर घातलं तर त्रास आणखी वाढला. आमच्या गटात बहुतेक पुरुष आहेत, विचारायची लाज वाटते. शिवाय फेरीच्या तारखांना पाळी येईल असं दिसतंय. गोळी घेऊन पुढे ढकलू का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : बरं झालं विचारलंत. हा प्रश्न गाडीत माझ्या कानाशी येऊन विचारणाऱ्या बायका खूप आहेत, आणि विचारायला उशीर झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी गाडीत बसावं लागलेल्याही.

मऊ कव्हरमध्ये बसायची हाडं आत रुततात आणि सगळा भार मधल्या नाजूक भागावर येतो. सीट थोडी टणकच हवी, पण रुंदीला तुमच्या मापाची. बायकांची बसायची हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात, म्हणून सायकलबरोबर आलेली अरुंद सीट आपल्याला जाचते. माप घरीच घ्या. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, पाय थोडे उंचावर टेकवा, हँडल धरल्यासारखं पुढे झुका आणि मिनिटभर तसंच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. तिरप्या उजेडात धरलात तर स्पष्ट दिसतात. दोन्हींच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, त्यात साधारण २ सेंटिमीटर मिळवा, त्या रुंदीची आणि मध्ये खाच असलेली सीट दुकानात मागा. तिचं नाक वर किंवा खाली झुकलेलं नको. मोबाइलमधल्या लेव्हलनं बघता येतं.

पॅडची सायकल शॉर्ट घ्या आणि तिच्या आत काहीही घालू नका. आतल्या कपड्याची शिवण तासन् तास घासते आणि तिथेच चामडी सोलवटते. वर सैल कुर्ता किंवा दुसरी पँट घाला, कुणाला काही दिसत नाही. निघण्याआधी घासणाऱ्या जागी क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावा. दर १०-१५ मिनिटांनी पायडलवर उभं राहून पाच-सहा फेरे मारा, म्हणजे तिथलं रक्त वाहतं राहतं. मुक्कामाला पोहोचल्यावर फोटो आणि चहा नंतर. आधी ओली शॉर्ट बदला, धुवा, अंग कोरडं करा. अशा तीन शॉर्ट्स जवळ हव्यात, कारण थंडीत एका रात्रीत पॅड वाळेलच असं नाही. एवढं करूनही बधिरपणा दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

पाळीची गोळी मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणू नका. रक्तात गुठळी होण्याचा किंवा अर्धशिशीचा इतिहास असेल तर ती त्रासाची ठरू शकते. ढकलायचीच असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. खरं तर पाळीत सायकल चालवायला हरकत काहीच नाही. सॅनिटरी पॅड घासतो, म्हणून पाळीचा कप किंवा टॅम्पॉन सोयीचा पडतो, पण तो नोव्हेंबरच्या सरावातच वापरून बघा. आणि एक काम तुम्ही करा. दर ३० किलोमीटरला बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असलेला थांबा हवा, असं संयोजकांना आत्ताच लेखी कळवा. मीही सांगणार आहे. दोघींनी सांगितलं तर वजन पडेल. बायका स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. हे मला सहन होत नाही.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. रविवारी पहाटे उपाशीपोटी निघतो आणि त्र्यंबकहून येताना मिसळ खातो. त्यानंतर पायातलं त्राणच जातं, गार घाम फुटतो. पाणी तर भरपूर पितो. काय चुकतंय?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते. ताकदीनं सायकल चालवली की स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर दीड-दोन तासांत उतरणीला लागते. ती संपत आल्यावर तू थांबतोस आणि वर तर्री ओततोस. तेल पचायला वेळ लागतो, पोट रक्त मागतं, पायही मागतात. आपल्या नाशिकची मिसळ मला जिवापाड आवडते, पण ती घरी पोहोचल्यावर.

निघण्याआधी केळं किंवा दूध-पोळी खा. मग पाऊण तासानंतर भूक लागो न लागो, खायला सुरुवात कर. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, चार-पाच खजुरांतही जवळपास तेवढेच, मूठभर बेदाण्यांतही तेवढेच. पिंपळगाव-निफाडचे बेदाणे आपल्या दारात असताना परदेशी एनर्जी जेलच्या पुड्या कशाला? गूळपोळीचे चतकोर तुकडे कर. विरघळत नाहीत, चुरत नाहीत आणि दोन दिवस टिकतात. खाऊ पाठीवरच्या बॅगेत ठेवू नकोस. तो काढायला थांबावं लागतं, म्हणून माणूस खातच नाही. जर्सीच्या मागच्या खिशात ठेव आणि चालत्या सायकलवर काढायचा सराव रिकाम्या रस्त्यावर कर.

पाण्याचं म्हणशील, तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तेही घोट घोट. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलास तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळल्यासारखं बोलायला लागतो. हे उन्हाच्या त्रासासारखंच दिसतं आणि सोबती आणखी पाणी पाजतात. म्हणून एका बाटलीत ओआरएस ठेव. पुडी १ लिटरची असते आणि तुझी बाटली बहुधा पाऊण लिटरची, तेव्हा अख्खी पुडी तीत टाकायची नाही. घरी लिटरभर करून मग भर. आणि पाय दुखतात म्हणून वाटेत वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत. अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

प्रश्न : वय ५८, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. फेरीत येऊ शकेन का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : याचा होकार तुमच्या डॉक्टरांनीच द्यायचा आहे, आणि तोही हृदयाची तपासणी करून. काही गोळ्या आणि इन्सुलिन यांच्यामुळे श्रमात साखर एकदम उतरते, तर लांबच्या दिवसांसाठी मात्रा बदलावी लागेल का ते आधी विचारा. सरावात दर दीड तासाला साखर मोजून वहीत लिहा आणि ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. शेजारून चालणाऱ्याला तुमचा आजार माहीत असू द्या. संध्याकाळी पाय उजेडात तपासा. बोटांत फोड आला तरी तुम्हाला कदाचित जाणवणार नाही.

प्रश्न : मी अंबडला कारखान्यात कामाला आहे. सराव चांगला चाललाय, पण पैसे मागताना जीभ उचलत नाही. एकानं तोंडावर विचारलं, फिरायला तू जाणार, पैसे आम्ही का द्यायचे?
– एक वाचक, सिडको

उत्तर : त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्याजवळ तयार असलं पाहिजे. मदतफेरीतली अर्धी तयारी मी हीच मानते.

सगळ्यात आधी स्वतःचा खर्च वेगळा काढा. राहणं, जेवण, जर्सी, मदतीच्या गाडीचं डिझेल, हे सगळं सायकल चालवणाऱ्यांनी आपल्या खिशातून भरायचं. मग तुम्ही मान वर करून सांगू शकता : ‘तुझा एक रुपयाही माझ्या सायकलवर जाणार नाही, तो थेट शस्त्रक्रियेला जाईल.’ ज्या फेरीत देणगीतूनच हॉटेलचं बिल भागतं तिच्यात मी गाडीत बसत नाही.

दुसरं, पैसे स्वतःच्या खात्यावर घेऊ नका. संस्थेच्या खात्याचा क्यूआर द्या आणि प्रत्येकाला पावती पोहोचली का ते बघा. संस्थेची नोंदणी आणि ८०जी चं, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं, प्रमाणपत्र आधी मागून घ्या. चांगली संस्था ते आनंदानं दाखवते. करसवलतीबद्दल खरं तेच सांगा. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर त्या देणगीवर सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत असणाऱ्याला ८०जी ची सवलत मिळतच नाही. हे आधी सांगितलं तर कुणी नाराज होत नाही. मार्चमध्ये कळलं तर होतो.

तिसरं, रक्कम लहान मागा. किलोमीटरला १ रुपया म्हणजे ४४५ रुपये. कारखान्यातला शेजारच्या मशीनवरचा माणूसही एवढे देऊ शकतो, आणि ज्यानं किलोमीटरवर पैसे लावले तो रोज विचारतो, आज कुठवर पोहोचलास? मोठी रक्कम देणारा सहसा तेवढं विचारत नाही. आजारी मुलांचे फोटो मात्र पुढे पाठवू नका. त्या आईबापांची परवानगी नसताना त्यांच्या लेकराचा चेहरा आपण वापरायचा नसतो.

नाशिकला हे नवं नाही. आपल्या गावच्या डॉक्टर हितेंद्र आणि डॉक्टर महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून पुरी केली, आणि संघाचं नावच ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’, म्हणजे ‘आदिवासींसाठी दृष्टी’, असं ठेवलं. आपण कुणासाठी निघालोय हे त्यांनी नावातच सांगून टाकलं होतं. तुम्हीही सांगा. जीभ उचलेल.

प्रश्न : सोसायटीतल्या सगळ्यांकडून पैसे गोळा केलेत. वाटेत जमलं नाही आणि गाडीत बसावं लागलं तर? पैसे परत करायचे का? या विचारानं झोप येत नाही.
– एक वाचक, सातपूर

उत्तर : परत करायचे नाहीत. लोकांनी पैसे मुलाच्या शस्त्रक्रियेला दिलेत. तुम्ही गाडीत बसलात म्हणून त्या मुलाची गरज कमी होत नाही. किलोमीटरवर पैसे लावणाऱ्यांना मात्र आत्ताच विचारून ठेवा, की कमी अंतर झालं तर काय करायचं. बहुतेक जण पूर्णच देतात.

मला काळजी वाटते ती दुसरीच. लोकांचे पैसे घेतलेत या भारानं माणसं नको तेवढं अंगावर काढतात. एका फेरीत छातीत कळ येत असताना ती लपवून पुढे जाणाऱ्या एका गृहस्थांना आम्ही जवळजवळ जबरदस्तीनं सायकलवरून उतरवलं होतं. ‘लोकांना काय सांगू’ एवढंच ते म्हणत होते. म्हणून नियम आधीच ठरवा आणि सोबत्याला सांगून ठेवा. छातीत दाब, बसल्यावरही न थांबणारी धाप, बोलण्यात गोंधळ, तोल जाणं, यातलं एकही दिसलं की गाडीत. तिथे चर्चा नाही. नुसता थकवा असेल तर वेगळं. अर्धा तास सावलीत बसा, खा, मग ठरवा. घाट गाडीतून चढून पुढे पुन्हा सायकल धरली तरी चालतं. लोकांना खरा आकडा सांगा, ४४५ पैकी ४०० सायकलवर झाले. हा आकडा लहान नाही.

लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हेही त्या वेळी नाशिकलाच होते. २०१६ मध्ये त्यांना ‘रेस अक्रॉस अमेरिका’ तब्येतीमुळे अर्ध्यात सोडावी लागली. २०१७ मध्ये तीच शर्यत त्यांनी एकट्यानं पुरी केली. २०१६ ला थांबले म्हणूनच पुढचं वर्ष त्यांच्या हाती राहिलं, असं मी मानते.

झोप मात्र घ्या. सरावाइतकीच तीही लागते.

प्रश्न : रोड बाईक (बारीक टायरची सायकल) आहे. पंक्चर काढता येत नाही. महामार्गावर पंक्चरची दुकानं असतातच, मग शिकलंच पाहिजे का?
– एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : शिकलंच पाहिजे. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बघा. बारीक असेल आणि टोकाला फिरवायची छोटी पितळी चकती असेल तर तो प्रेस्टा. महामार्गावरच्या दुकानात हवा मारायची नळी असते ती मोटरसायकल आणि ट्रकच्या जाड व्हॉल्व्हसाठी. ती तुमच्या ट्यूबला बसतच नाही. दुकान समोर, कॉम्प्रेसर चालू, आणि तरीही हवा भरता येत नाही, असं मी चाकणला पाहिलं आहे. सायकलच्या दुकानात पितळी अॅडाप्टर मिळतो, बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि अगदी स्वस्त. दोन घ्या, एक किटमध्ये आणि एक पाकिटात.

जवळ दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), हातपंप, पॅचचं पाकीट आणि एलन की (षटकोनी पाने) हव्यात. सराव मागच्या चाकाचा करा, कारण चेनमुळे तेच अवघड आणि पंक्चरही बहुधा तेच होतं. चेन सगळ्यात लहान चकतीवर आणून चाक काढा. ट्यूब काढल्यावर टायर आतून तपासल्याशिवाय नवी टाकू नका. बोटानं नाही, फडक्यानं. महामार्गावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या रबरात अशा बसतात की डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोट फिरवलं तर रक्त काढतात. फडकं फिरवलं की तिथे अडकतं. ती तार बाहेरून चिमट्यानं काढा, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मगच ती आत बसवा, आणि टायर चढवल्यावर दोन्ही बाजूंनी दाबून ट्यूब कुठे चिमटलेली नाही ना ते बघा. पॅच लावायचं काम मुक्कामावर, निवांत.

हे सगळं एकदा अंधारात, डोक्याला दिवा लावून करा. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर वर येतो आणि तुम्ही ६ ला निघणार आहात. बोटं गारठलेली असतील, तर पातळ हातमोजे घालूनच करून बघा. उतारावर छातीला वारा लागतो, त्यासाठी जाकिटाच्या आत वर्तमानपत्राची घडी सरकवा आणि ऊन चढलं की काढून टाका. मागचा लाल दिवा आदल्या रात्री चार्जिंगला लावायचा. टायर झिजलेले असतील तर नवे डिसेंबरातच टाका, म्हणजे शे-दोनशे किलोमीटर त्यावर होतील. फेरीच्या आठवड्यात सायकलीवर काही नवं बसवायचं नाही, सीट तर नाहीच.